स्टुअर्टच्या पोटाखाली वाकून बघ

चिरंजीव पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नगरला रणगाड्यांचं म्युझियम आणि किल्ला बघायला जातेस, काय काय बघू ते सांगा, असं तू विचारलंस. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, तेव्हा तेच लिहितो. माझी चोवीस वर्षांची नोकरी रणगाड्यात गेली आणि तिची सुरुवात याच नगरच्या धुळीत झाली. त्यामुळे पत्र जरा लांबणार आहे.

आधी एक सांगतो. तिथे पन्नासेक रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. सगळं बघून व्हायलाच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. लोक येतात, तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. घरी गेल्यावर त्यांना एकही रणगाडा धड आठवत नाही. तू चार-पाच निवड आणि त्यांच्याजवळ थांब. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिशांचे माटिल्डा आणि चर्चिल आहेत, जपान्यांचे चिमुकले रणगाडे आहेत, जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ आहे. त्यातलं तुला जे आवडेल ते बघ. मी फक्त माझे सांगतो.

हे सगळं नगरलाच का, हा प्रश्न तुझ्यासारखी इतिहासाची विद्यार्थिनी विचारणारच. इंग्रजांच्या वेळेपासून इथे छावणी आहे, आणि १९४८ पासून आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं, सेंटर आणि स्कूल इथे आहे. रणगाड्यावर जाणारा जवान असो की अधिकारी, तो इथून घडून जातो. म्युझियम त्या मानाने अलीकडचं, १९९४ चं. त्याचं उद्घाटन जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी केलं. तेव्हा ते लष्करप्रमुख होते आणि मूळचे रणगाडा दलाचेच होते.

आत गेलीस की विजयंता शोध. मी त्यावर ड्रायव्हर होतो. आराखडा विलायतेतल्या विकर्स कंपनीचा, पण तो आपल्याकडे चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बनला. सगळ्यांची नजर आधी तोफेवर जाते. १०५ मिलिमीटरची नळी आहे, जाणारच. तू मात्र आधी पुढच्या बाजूला, खाली, ड्रायव्हरचं झाकण बघ. आम्ही त्याला हॅच म्हणायचो. त्या भोकातून माणूस आत उतरतो, आणि पेट घेतला तर त्याच भोकातून त्याला बाहेर यायचं असतं. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजात, तिघं. कमांडर आणि गनर एका बाजूला, लोडर दुसऱ्या बाजूला. लोडरनं वीसेक किलोचा गोळा उचलून नळीत सारायचा, तोही गाडी खड्ड्याखळग्यांतून उधळत असताना. मे महिन्यात राजस्थानात बाहेरच्या पत्र्याला उघडा हात लावता यायचा नाही. आत तेलाचा, बारूदाचा आणि चौघांच्या घामाचा मिळून एक वास असायचा, तो मला अजून झोपेत येतो.

त्या हॅचच्या बिजागरीकडेही नीट बघ. भरती होऊन मला दुसरा महिना होता. हॅच उघडल्यावर ती खटक्यात बसवून मगच हात काढायचा, हे उस्तादांनी शंभरदा सांगितलं होतं. मी घाईत खटका न बसवताच हात टेकवला आणि हॅच खाली आली. उजव्या करंगळीचं टोक तिथेच राहिलं. तू लहानपणी माझी करंगळी धरून चालायचीस तेव्हा विचारायचीस ना, ही आखूड का? ते हे. चूक माझी होती, आणि त्या दिवसानंतर मी कुठल्याही यंत्राला गृहीत धरलेलं नाही. रणगाडा आपला-परका ओळखत नाही. युद्ध नसतानाही तो माणूस जायबंदी करतो. म्युझियममध्ये रंग देऊन, चुना मारलेल्या दगडांच्या चौकटीत तो उभा असतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग पॅटनकडे जा. अमेरिकेनं पाकिस्तानला दिलेले हे रणगाडे १९६५ मध्ये खेमकरणच्या बाजूनं पंजाबात घुसले. ८ ते १० सप्टेंबर असल उत्तरला लढाई झाली. आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं भरून टाकली होती. उभ्या उसात आपले सेंचुरियन, शर्मन हे रणगाडे आणि पायदळाच्या तोफा दबा धरून बसल्या. चिखलात रुतलेले पॅटन एकामागून एक टिपले गेले. जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेनं पॅटन फोडणारे हवालदार अब्दुल हमीद तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे तू शाळेत वाचलं असशील. पॅटनपाशी उभी राहिलीस की जीपची आणि त्याची उंची मनातल्या मनात शेजारी ठेवून बघ, म्हणजे वाचलेलं अंगावर येईल.

तिथे एक गोष्ट करू नकोस. जिंकून आणलेल्या रणगाड्यावर हात आपटून आरडाओरडा करणारी पोरं मी पाहिली आहेत. गोळा लागल्यावर बाहेरून भोक लहानसंच दिसतं, सगळा नाश आत होतो. आत कुणीतरी बसलेलं होतं. आम्ही जुने लोक शत्रूच्या रणगाड्यासमोरही क्षणभर गप्प उभे राहतो. तूही राहा.

पुण्यात राहतेस म्हणून पूना हॉर्सचं नाव आवर्जून सांगतो. ही पलटण १८१७ सालची, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभी राहिलेली. तिच्यातल्या दोघांना परमवीर चक्र मिळालंय. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर मुंबईत जन्मले, पुण्यात शिकले आणि १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर पलटणीचं नेतृत्व करताना गेले. पारशी होते, पण दहन रणांगणावरच करा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. जन्म पुण्याचा. १९७१ मध्ये जूनला कमिशन मिळालं, नगरला कोर्स चालू होता, तोवर युद्धाचे ढग जमले आणि त्यांना पलटणीत परत बोलावलं. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांचा सेंचुरियन पेटला. बाहेर पडा असा वायरलेसवर हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि शेवटपर्यंत लढले. वय वर्षं एकवीस. रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. तो दुरुस्त करून नगरलाच, आर्मर्ड कोअरच्या आवारात जपून ठेवलाय. ज्या आवारात ते शिकत होते तिथेच. बघायला मिळतो का ते गेटवर विचार. मिळाला तर माझ्या वतीनं नमस्कार कर. तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा होता गं तो मुलगा.

किल्ला दुपारनंतर कर. तो लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून आधार कार्ड विसरू नकोस. कुठे फोटो चालतात ते आधी विचार आणि बराकींकडे, पहाऱ्याकडे मोबाइल रोखू नकोस. म्युझियमची वेळही निघण्याआधी फोन करून पक्की कर. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे. निजामशाहीच्या काळात, हुसेन निजामशहानं दगडी तट बांधला. १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तटाला भगदाड पाडलं, तेव्हा चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली आणि तिनं ते रातोरात बुजवून घेतलं. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं हाच किल्ला शिंद्यांकडून घेतला. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे बारा पुढारी इथे आणून कोंडले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देवसुद्धा. नेहरूंनी ‘भारताचा शोध’ इथेच लिहिला, हे तिथे सगळे सांगतीलच. मला तिथे गेलो की मौलाना आठवतात. ते या तटाच्या आत असताना कलकत्त्यात त्यांची पत्नी वारली. शेवटची भेट झाली नाही. त्या खोल्यांच्या दारात उभी राहिलीस की रुंदी आणि खिडक्या बघ, हॅच बघितलीस तशाच.

एक रणगाडा मी मुद्दाम शेवटी ठेवला. अमेरिकन स्टुअर्ट. आज बघशील तर लहान वाटेल, पॅटनच्या शेजारी पोरच. पण काश्मीरच्या युद्धात, १ नोव्हेंबर १९४८ ला, जनरल थिमय्यांनी हेच स्टुअर्ट झोजी ला खिंडीत नेले, साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात. कुणाला कळू नये आणि वाटेतल्या पुलांना पेलावं म्हणून टरेट उतरवून नेले होते. रणगाडे इथवर येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. खिंड मोकळी झाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाताना, रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडली होती. वाट मोकळी करणारे होते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते करणाऱ्या लष्करी इंजिनियरांच्या पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियेचे. मांडीला जखम झालेली. तीन-चार दिवस धड झोप नाही. एका जागी वरून मशीनगनचा मारा इतका होता की डोकं वर काढणं शक्य नव्हतं. तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि चाकांवरच्या दोन्ही साखळी-पट्ट्यांच्या मधून, रणगाड्याच्या चालीनं सरपटत गेले. ड्रायव्हरला खूण करायला दोन दोऱ्या होत्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल.

मी ड्रायव्हर होतो, म्हणून हे मला वेगळं दिसतं. माझ्या खाली जमिनीवर एक माणूस आहे, तो मला दिसत नाही, फक्त दोरीचा हिसका कळतो, आणि माझा पाय चुकला तर तो गेला. त्या ड्रायव्हरचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं तर शोध.

स्टुअर्टपाशी गेलीस की वर चढू नकोस, चढू देतही नाहीत. पुढच्या बाजूला बस, वाक आणि पोटाखाली बघ. जमिनीपासून पत्र्यापर्यंत जेमतेम हातभर जागा आहे. हात लावू देत असतील तर विती घालून मोज. तुझ्या हाताच्या किती भरल्या ते मला रविवारी रात्री फोन करून सांग. मी जागा असेन.

तुझा,
काका