परदेशात लेखन शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून अमेरिकेतील विद्यापीठात एक सत्र सर्जनशील लेखन शिकवण्याचा तुझा विचार मला पटला. मात्र तू पाठवलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यातील बहुतेक तास भारताची ओळख करून देण्यात खर्ची पडणार आहेत, हे पाहून मी थबकलो. सणवार आणि संतपरंपरा यांवर तिथे तुला एरवीही बोलायला लावतील. वर्गात येणारा विद्यार्थी मात्र स्वतःची कथा सुधारायला येतो.

आयोवा विद्यापीठात 1936 साली सुरू झालेल्या लेखन-अभ्यासक्रमाने रुळवलेली कार्यशाळेची पद्धत तिथे आजही सर्वत्र दिसते. लेखन आधीच सर्वांना वाटले जाते, प्रत्येक जण ते टिपणांसह वाचून येतो आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे असते. या गप्प बसण्यावर आता बरेच शिक्षक आक्षेप घेतात आणि लेखकालाच आधी प्रश्न विचारू देतात. माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडे नवोदितांच्या कविसंमेलनात 'वा' म्हणून वेळ निभते, तिथे निभणार नाही. कथा कोणत्या परिच्छेदात सैल पडली, हे पानावर बोट ठेवून सांगावे लागेल. (त्याच विद्यापीठात 1967 पासून चालणारा आंतरराष्ट्रीय लेखक-निवास हा निराळा उपक्रम आहे. कवी दिलीप चित्रे तिथे होते, ते लेखक म्हणून, शिकवायला नव्हे. दोन्हींची गल्लत अर्जात करू नकोस.)

तुझी खरी शिदोरी तुझ्या इथल्या कामात आहे. भंडारा-गडचिरोलीकडून नागपुरात शिकायला आलेल्या मुलांकडून तू त्यांच्या घरच्या बोलीत, झाडीबोलीत, संवाद लिहून घेतलेस, तेव्हा प्रमाण मराठीत अडखळणारी तीच मुले पानेच्या पाने लिहू लागली, हे आराखड्यात कुठेच का नाही? घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी, अशी मुले तुझ्या तिथल्या वर्गातही असतील.

अभंग शिकवायचाच असेल, तर रचना म्हणून शिकव. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक: इंग्रजीत अक्षरांऐवजी उच्चारखंड (सिलॅबल) मोजून हा साचा वापरता येतो. विषय त्यांच्याच गावातला असावा, उदाहरणार्थ बसथांबा किंवा बंद पडलेला कारखाना. विठ्ठलाविषयी लिहा म्हटलेस, तर उसनी भक्ती तेवढी वाचायला मिळेल.

गुणांकनाचे निकष पहिल्याच दिवशी लेखी द्यावे लागतात. प्रतिभेला गुण देण्याच्या फंदात पडू नकोस; पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत काय बदलले, त्याला गुण दे. कथेच्या आडून कोणी आत्महत्येचे किंवा घरातल्या मारहाणीचे लिहिले, तर शिक्षकाने कोणाला कळवायचे, हे विभागाला रुजू होतानाच विचार. मजकूर हाती आल्यावर विचारणे उशिराचे ठरते.

आणखी एक व्यावहारिक बाब. असे कार्यक्रम जे-1 या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर चालतात आणि सरकारी निधीतून गेलेल्या व्यक्तीला परतल्यावर एकूण दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय तिथला स्थलांतरित किंवा नोकरीचा एच-1बी व्हिसा सहसा मिळत नाही. लगेच तिथेच पीएच.डी. करून पुढे नोकरी धरण्याचा बेत मनात असेल, तर ही अट अर्जापूर्वी घरी बोलून घे.

आराखडा नव्याने लिहून पाठव, आणि सोबत झाडीबोलीतील त्या संवादांपैकी दोन-तीन इंग्रजी अनुवादासह जोड.

तुझा,
सर