आरोग्य केंद्राला दिवंगत परिचारिकेचं नाव: अर्ज, ठराव आणि पाटी

ऐरोलीतल्या नागरी आरोग्य केंद्राला तिथे आयुष्यभर राबलेल्या दिवंगत परिचारिकेचं नाव द्यायचं आहे, सह्या जमल्यात, पुढे काय, असं तुम्ही विचारलंय. मागणी शंभर टक्के रास्त आहे. घरोघर फिरून लस पाजणाऱ्या बाईंचं नाव दारावर यायलाच हवं. फक्त कागद पक्का करा. अशी प्रकरणं विरोधामुळे कमी आणि कच्च्या कागदामुळे जास्त अडकतात.

आधी इमारत कोणाची ते बघा. नवी मुंबईत सिडकोनं (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं) बांधलेली आणि महापालिका वापरते अशा बऱ्याच वास्तू आहेत. हस्तांतरण झालेलं नसेल तर महापालिकेचा ठराव लंगडा पडतो. माहिती अधिकारात अर्ज टाका: १० रुपये शुल्क, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. हस्तांतरणाची कागदपत्रं, मालमत्ता नोंदवहीतलं सध्याचं नाव आणि या वास्तूबाबत पूर्वी झालेल्या नामकरण ठरावाची प्रत मागा. शेवटची प्रत सगळ्यात महत्त्वाची. कधीतरी दुसऱ्याच नावाचा ठराव होऊन पाटी लागायची राहिलेली असते. ते ऐन सभेत बाहेर आलं तर दोन्ही घरांची मनं दुखावतात.

मागणीचा शब्द नीट निवडा. 'केंद्राचे नाव बदलावे' असं लिहू नका. बऱ्याच केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' किंवा 'आपला दवाखाना' ही योजनेची नावं असतात आणि ती महापालिकेच्या हातात नसतात. 'केंद्राच्या इमारतीस नाव द्यावे' असं लिहिलं की योजनेला धक्का लागत नाही. पूर्ण इमारत जमत नसेल तर लसीकरण कक्ष किंवा सभागृह मागा. ठाणे महापालिकेच्या पाचपाखाडीच्या मुख्यालयात पत्रकार नरेंद्र बल्लाळ यांचं नाव सभागृहालाच आहे, आणि ते रोजच्या बोलण्यात टिकलंय. कर्मचाऱ्याने जिथे काम केलं त्याच खोलीवर नाव असणं मला तरी जास्त मोलाचं वाटतं.

अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रती महापौर, नगरसचिव आणि विभाग कार्यालयाला (ठाण्यात प्रभाग समितीला). सोबत मृत्यू दाखला, सेवापुस्तकाप्रमाणे नेमणूक आणि निवृत्तीच्या तारखा, एक पानी कार्यपरिचय आणि वारसांचं ना-हरकत पत्र. हे पत्र नवरा आणि सगळ्या मुलांकडून घ्या, एकाच्याच सहीवर थांबू नका. सह्यांच्या कागदावर प्रत्येकाचा पत्ता हवा, नाहीतर त्याला वजन राहत नाही.

मग नगरसेवक गाठा. सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा मिळाला तर उत्तम. विषय विषयपत्रिकेवर रीतसर गोषवाऱ्यासह यायला हवा. 'आयत्या वेळचा विषय' म्हणून घुसवलेलं नामकरण पटकन मंजूर होतं आणि तितक्याच पटकन वादात सापडतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन ठराव निलंबित करू शकतं. ठरावात एक ओळ आवर्जून घालून घ्या: 'सभावृत्तांत कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी'. ती नसेल तर पुढच्या सभेत वृत्तांत मंजूर होईपर्यंत फाइल पडून राहते. आचारसंहिता लागली की अनावरण थांबतं, तेही तारखा ठरवताना धरा.

नाव ठरावात जसं असेल तसंच पाटीवर येतं, म्हणून ऱ्हस्व-दीर्घासकट घरच्यांकडून लिहून घ्या. नावाआधी कै., स्व. की कालकथित, हेही घरच्यांनीच ठरवायचं.

पाटीवर कंजुषी नको. ऐरोली खाडीकाठी आहे, लोखंडी चौकट दोन पावसाळ्यांत गंज ओघळवते. अक्षरं ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची सांगा. ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेने तपकिरी डाग येतात. अक्षराची उंची दर १० फूट अंतराला साधारण १ इंच धरा, म्हणजे रस्त्यापलीकडून ४० फुटांवर वाचायला ४ इंच. आणि शब्द अखंड कापून घ्या. कारागीर एकेक अक्षर सुटं बसवतो तेव्हा शिरोरेषेत फटी राहतात, वेलांट्या आणि अनुस्वार वर्षभरात गळतात आणि बाईंचं नावच बदलतं. कोनशिलेवर पाहुण्यांची यादी लहान ठेवा, बाईंच्या कामाच्या दोन ओळी मोठ्या अक्षरात.

अनावरणानंतर ठरावाची प्रत मालमत्ता, आरोग्य आणि अभियांत्रिकी विभागांना पोचवा, पोच घ्या. केंद्राच्या केसपेपरवर आणि शिक्क्यांवर इमारतीचं हे नाव येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. रंगकामाच्या कंत्राटात पाटी उतरवली जाते तेव्हा ती परत बसवून घ्यायला हाच कागद लागतो.