मुंबईत भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय. पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून टाकला तर जर्नल नाकारेल का?

नाही, निव्वळ त्या कारणाने नाकारणार नाही. ‘नेचर’ आणि ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ दोघांनाही अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच जाहीर केलेला पेपर, चालतो. मी स्वतः रेफरीचं, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासायचं, काम करतो, आणि माझ्याकडे येणारे बरेच पेपर तिथे आधीच वाचलेले असतात. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही हाच रिवाज आहे. अर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे. तिथे विषय आणि ढोबळ दर्जा तेवढा पाहतात, गणित कुणी तपासत नाही. तपासणी रेफरी करतात, तीही बिनपगारी, त्यामुळे महिनोन्‌महिने लागतात. तोवर निकालावर तुमच्या नावाची तारीख पडलेली बरी. मात्र घाईत कच्चा मसुदा टाकू नका: सुधारित आवृत्ती चढवता येते, पण जुनी तिथेच राहते, पेपर मागे घेतला तरी. रेफरींच्या शेऱ्यांनंतर नवी आवृत्ती जरूर टाका; जर्नलने छापलेली पीडीएफ मात्र नको, तिचे हक्क बहुधा त्यांच्याकडे असतात.

एकच अडचण. कामात पेटंट घेण्याजोगं उपकरण किंवा पद्धत असेल तर आधी अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात अर्ज करा (ऑनलाइनही होतो), मगच प्रीप्रिंट. एकदा जगजाहीर झालं की नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही.