पानानं स्वतःच्याच पेशी का मारल्या?

प्रश्न : बाई, आमचा तंबाखूचा मळा निपाणीपासून सात-आठ किलोमीटरवर. लेक बेळगावला बी.एस्सी. करते. प्रॅक्टिकलला तिनं मोझॅक (विषाणूचा रोग) झालेल्या पानाचा रस तंबाखूच्या एका रानटी जातीच्या पानावर चोळला. तिसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके उठले. ती म्हणते, "आई, हे झाड वाचलं." आमच्याकडं ठिपक्याच्या पानाला व्यापारी भाव पाडून मागतो, मग हे वाचणं कसलं? आणि तो गुण आमच्या टोमॅटोत, संकेश्वरी मिरचीत आणता येईल का?
– एक शेतकरी भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : अक्का, लेक बरोबर बोलली. मीही निपाणीचीच, तंबाखूच्या घरातली. कॉलेजात मी असेच ठिपके मोजले होते आणि तुमच्यासारखीच बुचकळ्यात पडले होते. घरच्या तंबाखूत मोझॅक आला की पान हिरवं-पिवळं चितारायचं, आकसायचं, पण ठिपका पडायचा नाही. तिथं विषाणू झाडभर फिरलेला असतो. ठिपका म्हणजे पानानं स्वतःच मारलेल्या पेशी. ठिपका पडतो तिथं विषाणू अडकलेला असतो.

विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. पेशी मेली की त्याची चूल विझली. लेकीनं वापरली ती जात बहुधा ग्लुटिनोजा असेल. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. होम्स नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1929 मध्ये तिच्यावरचे ठिपके मोजून रसात विषाणू किती आहे ते ताडायची रीत बसवली. पुढं 1938 मध्ये त्यानं विषाणूला ठिपक्यात अडकवायचा हा गुण संकर करून लागवडीच्या तंबाखूत उतरवला. त्या गुणामागचं जनुक, 'एन' त्याचं नाव, 1994 मध्ये हाती आलं.

या जनुकापासून पेशीत एक पहारेकरी प्रथिन तयार होतं. एरवी ते मिटून बसलेलं असतं. विषाणू स्वतःच्या नकला काढायला जे प्रथिन वापरतो, त्याचा एक तुकडा दिसला की हे जागं होतं आणि छोटे रासायनिक निरोप धाडतं. ते निरोप दुसऱ्या, मदतनीस प्रथिनांना उठवतात. पेशी मरते कशी, हे अशाच एका भाऊबंद प्रथिनात स्वच्छ दिसलं. मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपात 'झार-वन' म्हणून प्रथिन आहे. 2019 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याची रचना पाहिली : पाच प्रथिनं चाकासारखी एकत्र येतात आणि मधून नरसाळं वर काढतात. हे नरसाळं पेशीच्या पडद्यात रुततं, त्यातून कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी मरते. ती मरताना शेजारच्या पेशीही सावध होतात.

आता टोमॅटो आणि मिरची. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा हे सगळे एकाच कुळातले. या मोझॅकच्या विषाणूला आणि त्याच्या सख्ख्या भावंडांना हे भाऊबंद कुठं पकडतात ते बघा. तंबाखूचं एन पकडतं नकला काढणाऱ्या प्रथिनाला. मिरचीतलं 'एल' पकडतं विषाणूच्या अंगावरच्या कवचाला. टोमॅटोत रानटी जातीतून आणलेलं 'टीएम-टू-टू' पकडतं ते तिसरंच, विषाणूला एका पेशीतून दुसरीत नेणारं प्रथिन. चोर एकाच घराण्यातला. एकानं हात धरला, एकानं सदरा, एकानं पाय. प्रत्येकानं आपापल्या वाटेनं हे कमावलं. मला यात जेवढा आनंद होतो तेवढा क्वचित कशात होतो.

चोरही शिकतो. मिरचीच्या एलचे प्रकार एकामागून एक वापरात आले, तसे कवच बदललेले विषाणूही आले. टोमॅटोचा टीएम-टू-टू अनेक दशकं टिकला. नंतर मध्यपूर्वेत एक नवा विषाणू निघाला, त्यानं तोही ओलांडला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो. एन जनुक प्रयोगशाळेत टोमॅटोत घातलं, तेव्हा टोमॅटोनंही विषाणू अडवला. मिरचीतलं जिवाणूविरुद्धचं एक जनुक टोमॅटोत चाललं, पण कुळाबाहेरच्या झाडांत ते गप्पच राहिलं. पहारेकरी नेला, पण त्याच्या हाकेला ओ देणारे मदतनीस तिथं नव्हते. कुळातल्या कुळात मात्र ते मदतनीस आधीपासून असतात. हे सगळं अजून प्रयोगातलं आहे. तुम्हाला आज हवं असेल तर टोमॅटोच्या बियाण्याच्या पाकिटावर टोएमव्ही-प्रतिकारक (टोएमव्ही म्हणजे टोमॅटोच्या मोझॅकचा विषाणू) लिहिलंय का ते बघा.

एक सावधगिरी. एनचा पहारा साधारण 28 अंशांच्या वर ढिला पडतो. मग विषाणू झाडभर पसरतो, आणि पुन्हा गारवा आला की सगळीकडच्या पेशी एकदम मरायला लागतात. झाड उभ्याउभ्या कोलमडतं. म्हणून उन्हाळ्यात नुसत्या जातीवर विसंबू नका.

आणि हात, अक्का. शेंडा खुडून, पिलं (बगलेतले फुटवे) काढून आले की आमच्या वडिलांचे हात चिकट काळे व्हायचे, आणि त्याच हातांनी ते परड्यातला टोमॅटो बांधायचे. मोझॅक झाडावरून झाडावर जातो तो मुख्यतः असा, हातांनी आणि विळ्यानं. वाळलेल्या तंबाखूतही हा विषाणू वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळं बिडी ओढून किंवा वळून आलेला हातही त्यातच धरा. टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात शिरण्याआधी साबणानं चांगले चोळून हात धुवा. मजुरांसाठी बांधावर साबण आणि पाण्याची घागर ठेवा, आणि खुडणी निरोगी झाडांपासून सुरू करा. मोझॅकची झाडं सगळ्यात शेवटी.