माऊस अडकतोय? आधी डोंगल कुठे लावलाय ते बघा

प्रश्न : दादा, मी लालबागला राहतो, सेकंड इयरला आहे. पैसे साठवून वायरलेस गेमिंग माऊस घेतला, चांगल्या कंपनीचा. पण व्हॅलोरंट हा शूटिंग गेम खेळताना कर्सर मधेच अडकतो आणि मग एकदम उडी मारतो, तेही ऐन फाईटमध्ये. पीसी टेबलाखाली आहे, डोंगल, म्हणजे माऊसचा सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा, मागच्या पोर्टला लावलाय. मित्र म्हणतात वायरलेसच्या भानगडीत पडूच नको, विकून टाक आणि वायरवाला घे. काय करू?

उत्तर : विकू नकोस. तू लिहिलंयस त्यावरून माऊस बिघडलाय असं मला वाटत नाही, डोंगलची जागा चुकलीये. कॅबिनेट जमिनीवर, डोंगल मागे भिंतीकडे आणि मधे अख्खा पत्र्याचा डबा, म्हणजे माऊसचा सिग्नल तिथपर्यंत जाणार कसा? त्यात मागे ते निळे पोर्ट असतात ना, यूएसबी ३.० चे, त्यात हार्ड डिस्क किंवा पेनड्राईव्ह लावलेला असेल तर अजून त्रास. यूएसबी ३.० चा डेटा ज्या स्पीडने पळतो त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट तयार होतो, आणि तुझा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात ऐकत बसलेला असतो. ही कोणी उठवलेली अफवा नाही, इंटेलने स्वतः २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपर काढला होता.

आता माऊसचा बॉक्स पुन्हा उघड. बऱ्याच गेमिंग माऊससोबत एक छोटी एक्स्टेंशन केबल येते, लोक ती कशासाठी आहे हे न कळल्यामुळे तशीच ठेवून देतात. ती केबल पीसीला लाव, दुसरं टोक टेबलावर आण आणि डोंगल माऊसपॅडच्या शेजारी, वीतभर अंतरावर ठेव. केबल नसेल तर साधी यूएसबी २.० ची एक्स्टेंशन दीड-दोनशे रुपयांत मिळते, शक्यतो यूएसबी ३ ची घेऊ नकोस. एवढं करून आधी दोन-चार गेम खेळ.

तरीही अडकला तर वायफाय बघ. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये मोबाईलवर वायफायची यादी उघडली की पंधरा-वीस नावं येतात, वरच्याचं, खालच्याचं, समोरच्या विंगमधलं, आणि ज्यांची २.४ वर आहेत ते सगळे त्याच पट्ट्यात बोलतायत जिथे एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचं आपण काही करू शकत नाही पण स्वतःचा पीसी आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकता येतात, किंवा पीसीला सरळ लॅनची वायर लाव, गेमचा पिंगही, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, सुधारेल. आणि राउटर टेबलावर डोंगलला चिकटून असेल तर तो उचलून लांब ठेव.

अजून एक बघून घे, माऊस ब्लूटूथवर तर चालत नाहीये ना? काही माऊसच्या पोटाखाली स्विच असतो, डोंगल आणि ब्लूटूथ असे दोन्ही मोड. ब्लूटूथवर माऊस साधारण सेकंदाला १२५ वेळाच आपली जागा कळवतो, डोंगलवर १००० वेळा. ऑफिसच्या कामाला ब्लूटूथ छान आहे पण गेममध्ये नको.

मित्रांचं म्हणणं दहा-बारा वर्षांपूर्वी बरोबर होतं. आज चांगला २.४ चा गेमिंग माऊस आणि वायरवाला यांच्या रिस्पॉन्समध्ये हाताला जाणवेल असा फरक राहिलेला नाही, प्रोफेशनल मॅचेसमध्येही बहुतेक खेळाडू वायरलेसच वापरतात.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर गेमिंग पीसीसाठी हट्ट धरून बसला होता, तो घेतला. आता त्याला पंधरा हजारांचा माऊस हवाय. वजनाला हलका आहे आणि ३०,००० डीपीआय आहे म्हणतो. एवढ्या पैशांचा माऊस असतो का हो? आणि मनगटाला त्रास होईल का? (गिरगाव)

उत्तर : असतो ताई, आणि वाईटही नसतो, पण पहिल्याच माऊसला एवढे घालायची गरज नाही. तो ३०,००० चा आकडा डोक्यातून काढून टाका. डीपीआय म्हणजे हात एक इंच सरकला की कर्सर किती पुढे जाईल त्याचं माप, आणि गेम खेळणारे बहुतेकजण ४०० ते १६०० च्या मधेच राहतात. बॉक्सवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा आतल्या, हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचं नाव विचारा. पिक्सआर्ट ३३९५ किंवा लॉजिटेकचा हीरो असं काही नाव छापलेलं असेल तर निर्धास्त घ्या, आणि नुसता आकडा छापलाय पण सेन्सरचं नाव कुठेच नाही असा माऊस दिसला तर ठेवून द्या, कितीही दिवे लागत असले तरी.

हलका म्हणतो त्यात मात्र तथ्य आहे. पण हलका करण्याचे स्वस्त मार्गही आहेत. लॉजिटेकचा जी३०४ साधारण तीन हजारांच्या आसपास मिळतो, त्यात एक डबल ए सेल लागतो आणि सेल धरून वजन ९९ ग्रॅम. साध्या अल्कलाईन सेलचं वजन २३ ग्रॅम, त्याऐवजी लिथियमचा टाकला तर १५, म्हणजे नुसता सेल बदलून आठ ग्रॅम कमी. सेल २५० तास चालतो असं कंपनी सांगते, त्यामुळे रोजच्या चार्जिंगची कटकट नाही. ६० ग्रॅमच्या आतबाहेरचे चार्जिंगवाले माऊसही आता चार-पाच हजारांत बघायला मिळतात. आठ हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा जागा कळवणारा, वगैरे लिहिलेल्यासाठी जास्त पैसे देऊ नका, त्याने बॅटरी भराभर उतरते आणि प्रोसेसरवर ताण येतो, घरच्या पीसीला १००० भरपूर झाले.

खरी गोष्ट आहे हाताच्या मापाची, आणि तीच कोणी विचारत नाही! मुलाला हात पसरायला सांगा, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. १७ सेंटिमीटरच्या खाली असेल तर लहान माऊस, १९ च्या वर असेल तर मोठा, मधलं असेल तर मध्यम. मग तो माऊस धरतो कसा ते बघा, पूर्ण तळवा टेकवतो, की बोटं वाकवून पंजासारखा धरतो, की फक्त बोटांच्या टोकांनी? तळवा टेकवणाऱ्याला पाठीला उंचवटा असलेला लागतो, बोटांनी धरणाऱ्याला लहान आणि चपटा. मनगटाचा त्रास बऱ्याचदा इथूनच सुरू होतो, चुकीच्या मापाचा माऊस दिवसभर आवळून धरायचा म्हणजे घालून न बघता घेतलेल्या शर्टासारखं, काखेत काचतच राहणार. म्हणून ऑनलाईन मागवायच्या आधी त्याला घेऊन एकदा लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, तुम्हाला तर जवळच आहे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी जा. डिस्प्लेचा पीस हातात धरू द्या म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही. आणि जीएसटीचं बिल आणि वॉरंटी भारतातलीच आहे ना हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सगळे सांगतात सेन्सिटिव्हिटी कमी ठेव, एम म्हणजे नेम सुधारतो. मी ८०० डीपीआय आणि व्हॅलोरंटमध्ये ०.४ ठेवलं तर मागे वळताच येत नाही, माऊस कीबोर्डवर आपटतो. आमचं टेबल दोन फुटांचं आहे, मोठं ठेवायला जागा नाही. (कांदिवली)

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये, टेबलाचं गणितच जमत नाही. ८०० आणि ०.४ वर पूर्ण गोल फिरायला माऊस साधारण ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे मागे वळायला वीसेक. तुझं टेबल दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर, त्यात नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड ४४ च्या आसपास खातो, उरले १७. मग आपटणारच!

यूट्यूबवरच्या प्रो खेळाडूचं टेबल आपल्या घरात येत नाही, त्याचं सेटिंग तेवढं आपण उचलतो. दोन रस्ते आहेत. एक, सेन्सिटिव्हिटी ०.५५ कर, म्हणजे मागे वळायला १५ सेंटिमीटर पुरतील. दुसरा, आणि मला हाच जास्त आवडतो, नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घे, तो साधारण ३६ मध्ये बसतो, तुला २५ सेंटिमीटर मोकळे मिळतात. तोपर्यंत आहे तोच कीबोर्ड तिरका करून डावीकडे सरकव, नंबरपॅड टेबलाच्या बाहेर गेला तरी गेममध्ये काय अडतंय.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद कर. ते चालू असलं की हात जोरात हलवला तर कर्सर जास्त पळतो आणि हळू हलवला तर कमी, हाताला एक सवय लागतच नाही. व्हॅलोरंट माऊसचा डेटा थेट वाचतो म्हणून तिथे फरक पडला नाही तरी डेस्कटॉपवर आणि काही जुन्या गेममध्ये पडतो. माऊसवरच्या डीपीआय बटणाला पाच-पाच लेव्हल दिलेल्या असतात त्यातली एकच ठेवून बाकीच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाक, चुकून बोट लागलं की मॅच गेलीच. आणि एकदा आकडा ठरला की निदान दोन आठवडे त्याला हात लावू नकोस, हरलास तरी.

प्रश्न : पावसाळ्यात माऊस चिकट होतो, पॅडवर सरकत नाही, आणि आता एका क्लिकला दोन क्लिक होतायत. (भांडुप)

उत्तर : तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजूला रबराची ग्रिप असेल तर ती दमट हवेत आणि हाताच्या घामाने हळूहळू विरघळल्यासारखी होते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काही दिवस निघतील पण पुढचा माऊस घेताना साध्या प्लॅस्टिकचाच घ्या, मुंबईत तोच टिकतो. कापडी पॅड हवेतली ओल धरतो, साबणाच्या पाण्यात धुवून पंख्याखाली वाळवा, पावसात दोन दिवस लागतील, पूर्ण सुकल्याशिवाय वापरू नका. डबल क्लिक मात्र आतल्या स्विचचं आहे, पत्र्याचे बारीक संपर्क झिजतात किंवा गंजतात. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स टाईम (एका क्लिकनंतर लगेच आलेली दुसरी क्लिक किती वेळ मोजायची नाही ते) असा पर्याय असेल तर तो थोडा वाढवून बघा, वॉरंटीत असेल तर त्यात वेळ न घालवता क्लिक होतानाचा व्हिडिओ काढून सरळ क्लेम करा. नवीन घ्यायचाच असेल तर ऑप्टिकल स्विचवाला बघा, त्यात क्लिक प्रकाशाच्या किरणाने ओळखली जाते, त्यामुळे संपर्क गंजून डबल क्लिक व्हायचा प्रश्न राहत नाही.