पहिला ट्रोपोनिन निगेटिव्ह आला तरी पेशंट सोडू नकोस

छातीत दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, ते आधी केसपेपरवर लिही. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन. साध्या (हाय-सेन्सिटिव्हिटी नसलेल्या) तपासणीत तो वाढलेला दिसायला ३ ते ६ तास लागतात. तासाभरात आलेल्या पेशंटचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! ३ ते ६ तासांनी दुसरं सॅम्पल त्याच लॅबला, त्याच पद्धतीने तपासायला दे. आकडा चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचं. किडनीच्या जुनाट आजारात तो बहुधा वाढलेला, पण स्थिर असतो. ट्रोपोनिन आठवडाभर किंवा जास्त टिकतो, सीके-एमबी (हृदयाच्या स्नायूतूनच येणारं एन्झाइम) २-३ दिवसांत उतरतो. म्हणून अटॅकनंतर चौथ्या दिवशी पुन्हा दुखलं तर सीके-एमबीही बघ. ईसीजी मात्र पेशंट आल्यापासून १० मिनिटांत काढ. त्यात एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेषेचा भाग) वर गेलेला दिसला तर रिपोर्टची वाट बघत बसू नकोस, लगेच उपचार सुरू कर.