मालवणच्या सागरी अभयारण्यात नवीन रुजू झालायस ना, मग आधी रापणीवर जा

अरे, नकाशा आणि फाइल नंतर बघ. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 ला जाहीर झालं, एकूण 29.12 चौरस किमी, त्यात कोअर झोन, म्हणजे सगळ्यात कडक राखीव भाग, 3.18, पण मच्छीमारांना वाटलं की आपला समुद्रच काढून घेतला, आणि तो राग अजून गेलेला नाही. म्हणून पहाटे रापण (किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात ते लांब जाळं) ओढतात तिथे जा, दोरीला हात लाव, जाळ्यात काय आलं ते बघ, आणि नियम सांगायच्या आधी त्यांचं ऐकून घे. पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडीवाल्यांचा (रात्री झगझगीत दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्यांचा) त्रास त्यांनाच जास्त होतो, त्यामुळे राखण करायला तुझे पहिले साथीदार तेच, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगच्या होड्या नांगर टाकतात, तो ओढला की खालचं प्रवाळ मोडतं, आणि ते वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर ते सेंटीमीटर वाढतं रे! कायमचे मूरिंग बोये, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचे तरंगते गोळे, लावून घे, होडीवाल्यांशी बोलूनच जागा ठरव, नाहीतर कोणी वापरणार नाही. पर्यटकांना पाण्यात उतरायच्या आधीच सांगायला लाव, प्रवाळावर उभं राहायचं नाही, माशांना पाव टाकायचा नाही.

आणि दरवर्षी प्रवाळाच्या त्याच जागांचे, त्याच महिन्यात फोटो काढून ठेव, पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की लगेच.